पीळ असलेली वायर

परवा चांद्याला आत्याकडे गेलो होतो. हिंजवडीच्या आयटी पार्कपासून फार लांब नाही, तरी वर्षातून एकदाच जाणं होतं. कपाटावर जुना लँडलाइन, कधीचाच बंद. पण त्याची ती स्प्रिंगसारखी वायर! काय डोकं लावलंय राव. सरळ वायर टेबलावरून लोंबते, पायात येते. ही ओढली की लांब, सोडली की परत जागेवर. आत साधी तार नसते, धाग्यावर गुंडाळलेली तांब्याची पातळ पट्टी असते, म्हणून सारखी वाकूनही सहज तुटत नाही.

गुंता मात्र आपलाच. उजव्या कानाला उचलायचा, डावीकडे न्यायचा, तसाच ठेवायचा. पीळ वाढत जातो. रिसीव्हर लोंबता सोडला की गिरक्या घेत सुटतो.

आणि माझा चार्जर? मानेपाशी तुटला. या वर्षातला तिसरा.

आत्या म्हणाली, "अरे, ने की हा फोन!"

आणलाय.