लेखणी पक्षाकडे गेली की बाईचं काय होतं?

सप्टेंबर 2016 मध्ये सोलापुरात मराठा मूक मोर्चा निघाला. घोषणा नव्हत्या, आणि सगळ्यांच्या पुढे मुली चालत होत्या. 13 जुलैला कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. तिला न्याय मिळावा ही राज्यभरच्या या मोर्चांची पहिली मागणी होती. ॲट्रॉसिटी कायद्याबद्दलची त्यांची मागणी आपल्यातल्या अनेकींना मान्य नव्हती. तो वाद वेगळा. पण त्याच महिन्याच्या अखेरीस ‘सामना’त एक व्यंगचित्र आलं. ‘मूक’ आणि ‘मुका’ अशी कोटी करून चुंबन घेणारं जोडपं काढलेलं. एका मुलीच्या मरणातून उठलेल्या मोर्चावर सुचलेला विनोद हा असा! संताप उसळला आणि पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांना माफी मागावी लागली.

चित्र वर्तमानपत्राचं आणि माफी पक्षप्रमुखांची, ही गोष्ट मला तेव्हापासून टोचते आहे. एखाद्या बाईचा अपमान हा वर्तमानपत्राचा गुन्हा ठरतो, की मतांचा हिशेब चुकला म्हणून तो गुन्हा ठरतो?

त्या वेळी ‘सामना’चे कार्यकारी संपादक संजय राऊत होते. ‘लोकप्रभा’ साप्ताहिकात गुन्हेगारी जगतावर लिहिणारा हा वार्ताहर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘सामना’त आला. 1988 साली निघालेलं हे पत्र शिवसेनेचंच. 2004 पासून ते राज्यसभेत आहेत. 2019 च्या विधानसभा निवडणुकीनंतर तर रोज सकाळची त्यांची पत्रकार परिषद हीच त्या दिवसाची बातमी होऊ लागली. काल जो प्रश्न विचारायचा, तो आज उत्तरं पुरवू लागला. त्यांनी किंमत मोजली नाही असंही नाही. 2022 साली शंभर दिवस त्यांनी तुरुंगात काढले आणि जामीन देताना विशेष न्यायालयाने ती अटकच बेकायदा ठरवली. हे मान्य करूनच मी पुढचं लिहिते आहे.

पत्रकाराने राजकारणात जाणं यात पाप नाही. बाबासाहेबांनी 1920 मध्ये ‘मूकनायक’ काढलं ते राजकारणासाठीच. नवऱ्याच्या मृत्यूनंतर 1906 पासून तानूबाई बिर्जे यांनी सत्यशोधकांचं ‘दीनबंधू’ चालवलं. आमच्या सोलापुरात 1930 च्या मार्शल लॉमध्ये ‘कर्मयोगी’चे संपादक राजवाडे यांना शिक्षा झाली. हे सगळे एका बाजूचेच होते. पण त्यांची बाजू ज्यांना आवाज नाही त्यांची होती, आणि ती त्यांनी वाचकापासून लपवली नाही. फरक पडतो तो लेखणी सत्तेच्या वतीने बोलू लागते तेव्हा.

सप्टेंबर 2020 मध्ये राऊतांनी एका वाहिनीवर कंगना राणावतला उद्देशून ‘हरामखोर’ हा शब्द वापरला आणि नंतर त्याचा अर्थ ‘नॉटी’ असा सांगितला. त्या बाईंचं राजकारण मला मुळीच पटत नाही. पण शिवीचा अर्थ आपल्याला कुणी शिकवायला नको, तो आपण अंगावर झेललेला आहे. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या कार्यालयावरची महापालिकेची कारवाई बेकायदा ठरवली, तेव्हा त्या भाषेबद्दलही नाराजी नोंदवली. आणि गंमत बघा, तेव्हा ‘सामना’च्या संपादक बाई होत्या. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाल्यावर मार्च 2020 मध्ये ते पद रश्मी ठाकरे यांच्याकडे आलं होतं. कार्यकारी संपादक मात्र तेच राहिले. ऑगस्ट 2022 मध्ये उद्धव ठाकरे पुन्हा संपादक झाले. बाईचं नाव वर छापलं म्हणून खालची भाषा बदलत नाही.

हे एका पक्षाचं दुखणं नाही. प्रत्येक पक्षाला आज बोलका पत्रकार हवा आहे, आणि बोलक्या बाईही हव्या आहेत. पण कशासाठी? समोरच्या पक्षाचा पुरुष अडकला की तिला पुढे करायचं, आपल्यातला अडकला की तिने गप्प बसायचं. शिवाय वर्तमानपत्राच्या कचेरीत 2013 च्या कायद्याने तक्रार समिती असायला हवी. पक्षाच्या कार्यकर्तीला ती वाट नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2022 मध्ये तसं म्हटलं आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला.

आता घरचं सांगते. आमच्याकडे एक वार्ताहर येत असे. विडी कामगार बायकांच्या बैठकीला सतरंजीवर बसायचा, ‘मावशी, पूर्ण नाव सांगा’ म्हणत लिहून घ्यायचा. छाट विड्यांच्या नावाखाली बायकांची मजुरी कशी कापली जाते, हे त्यानेच नीट लिहिलं होतं. पुढे तो एका नेत्याचं प्रसिद्धीचं काम बघू लागला. पोरांची फी, थकलेला पगार, सगळं मला माहीत होतं. मी त्याला दोष दिला नाही. मग एका बाईने त्याच्याच नेत्याच्या माणसाविरुद्ध छळाची तक्रार दिली. सवयीने मी पहिला फोन त्यालाच केला. तो म्हणाला, “ताई, आत्ता नको. मतदान होऊ द्या.” दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या, त्यात माणसाचं नाव नव्हतं. बाईची गल्ली मात्र छापली होती. तिला महिनाभर माहेरी राहावं लागलं.

चूक त्याची होती, तशी माझीही होती. आम्ही वर्तमानपत्र म्हणजे एक ओळखीचा माणूस असं समजून बसलो होतो. तो गेला आणि आमची वाटच त्याच्याबरोबर गेली.

म्हणून मैत्रिणींनो, काही गोष्टी आपणच ठरवायला हव्यात. आपलं पत्रक एकाच्या हातात न देता सगळ्या कचेऱ्यांत पोचवावं, आणि कुणाला दिलं याची नोंद ठेवावी. लिहिणारा कुठल्या पक्षाचं काम करतो हे लेखाखाली छापा, असं संपादकांना लेखी कळवावं. जिल्ह्याच्या पानावर बायका वार्ताहर म्हणून घ्या, ही मागणी सोडू नये. आणि पीडित बाईची ओळख छापली तर दुसऱ्याच दिवशी चौघी-पाचजणींनी त्या कचेरीत जाऊन जाब विचारावा.

लेखणी कुणाकडे जावी हे आपल्या हातात नाही. आपली बातमी कुणाच्या खिशात जाते, एवढं तरी आपल्या हातात ठेवूया.