भूमिपुत्राची भूमी कुठाय?

निवडणूक आली की टेमघरच्या नाक्यावर भोंगा सुरू : मराठी माणसा, जागा हो! अरे, रात्रपाळीवाला झोपतो कधी? मागं लूम खडखडतायत, बारा बारा तास, मजुरी मीटरवर. भोंग्याचं म्हणणं, ह्या लूमवरल्या भैय्यानं तुझी भाकर पळवली.

पळवली कुणी ते बघू. १९६० ला महाराष्ट्र झाला. कारखाने मात्र मुंबई-ठाण्यातच वाढले. कोकण, मराठवाडा कोरडा. पोरं चाळीत आली. भांडवल शेठजीचं, कचेरीतली खुर्ची इंग्रजी टायपिंगवाल्याची, आणि आमच्या हातात मॅट्रिकचं सर्टिफिकेट. राग खराच होता. १९६६ ला शिवसेनेनं त्या रागाला पत्ता दिला, मद्राशाचा. 'मार्मिक'नं कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापल्या. शेठजीच्या नफ्याची यादी कुणी छापायची? जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कॉ. कृष्णा देसाईंचा खून झाला, आणि त्याच जागेवर सेनेचा पहिला आमदार निवडून आला.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढं गिरण्या मेल्या, कापड नाही मेलं. ते भिवंडीच्या लूमवर आलं, जिथं युनियन नाही, फंड नाही. परळचा मराठी घरी बसला, आझमगढचा अन्सारी निम्म्या जिण्यावर राबला, शेठजी तोच. गोदीतही तेच. १९८९ ला न्हावाशेवा सुरू झालं, माल कंटेनरमधून यायला लागला, आम्हा हमालांच्या पाठी रिकाम्या झाल्या. कंटेनरला आडनाव नसतं. राग काढायला मात्र आडनाव लागतं.

आणि आपण भूमिपुत्र म्हणे! आपल्या बापजाद्यांच्या नावावर कितीसा सातबारा होता? जानेवारी १९७४ ला वरळीत आपल्यावर दगड पडले, भागवत जाधव गेले. १९७८ ला नामांतराचा ठराव झाला तर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या. पेटवणारे काय तमीळ बोलत होते?

तरी आपली पोरं शाखेत जातात. का नाही जाणार? शाखा नळ आणते, ॲम्ब्युलन्स आणते, पोलीस चौकीत सोबत येते. आपले पुढारी गटातटांची पत्रकं काढतात. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितोच.

पुढच्या अंकासाठी टेमघरच्या लूमवाल्यांनी, गोदामातल्या हमालांनी आपापली मजुरी लिहून पाठवा. किती तास, किती पैसे, मालक कोण. मराठी येत नसेल तर हिंदीत, उर्दूत लिहा. छापायचं काम आमचं.