विश्लेषण : तक्रार करणारे ‘तुम्ही’च आहात, हे ॲप कशावरून ठरवते?

ॲपमधले ‘मदत’ बटण दाबून केलेली तक्रार अनेकदा त्या कंपनीच्या स्वतःच्या नव्हे, तर झेनडेस्क, फ्रेशडेस्कसारख्या तिकीट यंत्रणेत जाते. दोन्ही एपीआयने जोडलेले असतात. तक्रारदार कोण, हे ॲप सांगेल तेच यंत्रणा खरे मानते. अनेक कंपन्या फक्त ईमेल पाठवून मोकळ्या होतात.

ईमेलवर विसंबल्याने काय होते?

झेनडेस्कमधील अशी त्रुटी १५ वर्षांच्या मुलाने शोधली. तक्रारदाराच्या नावाने बनावट ईमेल पाठवायचा, ‘सीसी’त स्वतःचा पत्ता टाकायचा; की त्या तिकिटावरचा जुना पत्रव्यवहार उघडा! तिकीट क्रमांक ओळीने येणारे, म्हणजे अंदाजही सोपा. सुरुवातीला त्याचा अहवाल ‘कार्यकक्षेबाहेरचा’ म्हणून फेटाळला गेला. दुरुस्ती जुलै २०२४ मध्ये झाली. तक्रारीसोबत लोक घरचे पत्ते, ओळखपत्रांचे फोटोही पाठवतात, हे लक्षात घेतले तर त्रुटी किरकोळ नव्हती.

मग ओळख पटवायची कशी?

लॉगिन झालेल्या ग्राहकाचा कंपनीकडचा कायमचा क्रमांक सर्व्हरने गुप्त किल्लीने सही करून (जेडब्ल्यूटी टोकन) पाठवावा. ईमेल बदलला तरी क्रमांक बदलत नाही. मात्र किल्ली ॲपमध्येच ठेवली, तर मुसळ केरात. ॲप उकलून ती कुणीही काढू शकतो.

खरी अडचण लॉगिनच बंद पडलेल्यांची. त्यांच्याकडे टोकन नसते आणि मदतीची गरज त्यांनाच सर्वाधिक. त्यांची तक्रार जरूर घ्यावी, पण ओळख पटेपर्यंत जुनी तिकिटे दाखवू नयेत.