पांढरा उजेड, पिवळा उजेड आणि आईच्या गोळ्या

पुण्यात फ्लॅट घेताना आम्ही काय काय तपासलं! कार्पेट एरिया, पार्किंग, पाण्याचं प्रेशर, कर्जाचा व्याजदर (याची तर मी रीतसर एक्सेल शीट केली होती). तपासला नाही तो फक्त उजेड. म्हणजे खिडक्या पाहिल्या हो, पण रात्री हे घर कसं दिसेल हा विचार डोक्यातही आला नाही. आणि आम्ही आयटीवाले घर बघतो ते बहुतेक रात्रीच!

दिवे इलेक्ट्रिशियनने ठरवले. "साहेब, व्हाइटच घ्या, जास्त उजेड पडतो." मी मान डोलावली. फॉल्स सीलिंगमध्ये चौकोनी एलईडी पॅनल, सगळे ६५०० केल्विनचे. पहिल्या रात्री सगळी बटणं एकदम लावली तेव्हा बायको म्हणाली, "आपण नक्की ऑफिसमधून घरी आलोय ना?"

पुढच्या आठवड्यात गावाहून आजोबांचं सागवानी कपाट आलं. सोबत आई. हॉलमध्ये उभं केलेलं कपाट बघून ती म्हणाली, "हे आपलंच का रे? पॉलिश गेलं वाटतं." मलाही ते राखाडी, मेल्यासारखं दिसत होतं. सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि तेच कपाट पुन्हा मधाच्या रंगाचं! म्हणजे बग कपाटात नव्हता, दिव्यात होता. मग काय, आमच्यातला इंजिनिअर जागा झाला.

तर मंडळी, पहिली गोष्ट म्हणजे केल्विनचा आकडा उजेड किती ते सांगत नाही, कसा ते सांगतो. समईची ज्योत १९००च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००, भर दुपारचं ऊन साधारण ५५००, ढगाळ आभाळ ६५००. आकडा चढला की उजेड निळसर होत जातो. उजेड किती, हे ल्युमेनमध्ये मोजतात. आमच्या इलेक्ट्रिशियनने (आणि मान डोलावणाऱ्या मी) या दोन आकड्यांची गल्लत केली होती.

दुसरी गोष्ट सीआरआय, म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात याचे गुण. जुन्या बल्बला जवळपास १००. बाजारातल्या बऱ्याच एलईडींना ८०च्या आसपास. लाकूड स्वतःचा उजेड पाडत नाही, दिव्याने दिलेल्यातलंच परत फेकतं. पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा निळा एलईडी आणि त्यावर पिवळट फॉस्फरचा थर. स्वस्त दिव्यात लाल भाग तोकडा पडतो. मग सागाचा तांबूसपणा परत येणार कुठून?

आणि यात गंमत अशी की सीआरआयची नेहमीची सरासरी काढतात ती आठ फिकट रंगांवरून. गडद लाल हा नववा रंग, त्याचे गुण वेगळे. म्हणजे आठ विषयांत फर्स्ट क्लास आणि नवव्यात नापास असा दिवाही खोक्यावर '८०' मिरवतो. टोमॅटो, पैठणीचा लाल, माणसाच्या चेहऱ्यावरचा तजेला, सगळं या नवव्या विषयात येतं.

तिसरी गोष्ट दिशा. मोठ्या पॅनलचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या पुसून टाकतो. जर आणि पितळ चमकतात ती लहानशा, एका जागेवरून येणाऱ्या उजेडात. आईची पैठणी पॅनलखाली धरली तर जर चक्क पिवळ्या दोऱ्यासारखी दिसते, टेबल लॅम्पजवळ नेली की पदर हलताना लखलखते. (उलट, भिंतीलगत वरून उजेड सोडलात तर पुट्टीवाल्याने केलेलं प्रत्येक पाप दिसतं. स्वानुभव!)

एवढं ज्ञान झाल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. सगळं घर २७०० केल्विन, छुप्या स्ट्रिप, मंद उजेड. मित्र म्हणाले, "काय हॉटेलसारखं केलंयस यार!" मी खूश.

आई काहीच बोलली नाही. फक्त तांदळाचं ताट घेऊन बाल्कनीत बसायला लागली. मला वाटलं, हवा खायला बसते.

मग एका रात्री तिच्या गोळ्यांची गडबड झाली. एक पांढरी, एक फिकट पिवळी, आकार जवळपास सारखाच. मंद पिवळ्या उजेडात पांढरं आणि फिकट पिवळं जवळजवळ एकच दिसतं. सकाळची गोळी तिने रात्री घेतली, म्हणजे त्या दिवशी दुसऱ्यांदा. रात्री साडेदहाला डॉक्टरांना फोन, मग दर तासाला ब्लड प्रेशर मोजत जागरण. काही झालं नाही. पण ती रात्र मी विसरणार नाही. "अगं, दिसत नाही म्हणून सांगायचं ना!" तर म्हणे, "तू एवढं हौसेनं केलंस..."

नंतर वाचलं की साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. म्हणजे मला 'मूड' वाटणारा उजेड तिच्यासाठी चक्क अंधार होता.

आणि पांढऱ्या उजेडाला हसणं सोपं आहे. आईचं लहानपण ४०च्या बल्बखाली गेलं. तिच्या पिढीसाठी घरात पहिली ट्यूबलाइट लागणं म्हणजे प्रगती. एलईडीलाही माझा विरोध नाही. २०१५ला सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले, विजेची बचत झाली. जुना बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा. माझं भांडण आहे ते एकाच दिव्यात सगळं घर उरकण्याशी, मग तो पांढरा असो की पिवळा.

आता हॉलमध्ये ३००० केल्विन, सीआरआय ९०च्या वर. ओट्यावर कपाटाखाली ४०००ची पट्टी, म्हणजे भाजी चिरताना आपलीच सावली विळीवर पडत नाही. आईच्या पलंगाशी गोळ्यांसाठी आणि वाचायला वेगळा लख्ख दिवा, त्याचाही सीआरआय ९०च्या वर. जेवताना मंद, काम करताना भरपूर.

तुम्ही दिवे घ्यायला जाल तेव्हा खोक्यावरचे तीन आकडे वाचा: ल्युमेन, केल्विन, सीआरआय. वॅटवरून फक्त बिल कळतं. एखादी लाल साडी किंवा टोमॅटो न्या आणि दिवा लावून बघा (दुकानदार हसेल, हसू दे). आणि घरात जे माणूस सगळ्यात जास्त वेळ असतं त्याला सोबत न्या. मी नेलं नव्हतं.

असो. पॅसेजमधला एक पॅनल अजून बदलायचा राहिलाय. शेजारच्या काकांकडे शिडी आहे, पण रविवारी दुपारी त्यांना उठवायची माझी हिंमत नाही :)