बाई घरीच असते

दिवाळी तोंडावर आली की किनवट तालुक्यात कापूस फुटलेला असतो, गोंडांच्या गुड्यांवर दंडारीचे ढोल घुमू लागतात आणि बायांना मान वर करायला सवड नसते. पहिल्या वेचणीला झाडापाशी दहीभात ठेवून सीतादही करायची, कमरेला ओटी बांधायची आणि तासाला लागायचं. दुसऱ्याच्या रानात वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो, वहीत किलो लिहिले जातात, मजुरी ठरते. घरच्या रानात वेचला तर काटाही नाही आणि वहीही नाही.

देशाच्या वहीत मात्र या बाईचं सध्या कौतुक चाललं आहे. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के श्रमबळात होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के. नुसती खेडी घेतली तर २४.६ वरून ४७.६. सहा वर्षांत जवळपास दुप्पट! एवढ्या नोकऱ्या आल्या कुठून, असं कुणी विचारलं तर त्याच अहवालाची पुढची पानं उलटावीत. काम करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सदतीस जणी घरच्या शेतात किंवा धंद्यात मदतनीस आहेत, म्हणजे बिनमजुरीच्या. शेतीवर असलेल्या स्त्रियांचं प्रमाणही याच काळात ५७ वरून ६४ टक्क्यांवर गेलं. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. शेती मागे पडते तसा स्त्रियांचा सहभाग आधी घटतो आणि पुढे शिक्षण व कचेरीतल्या नोकऱ्यांमुळे पुन्हा वाढतो, अशी त्यांची मांडणी. आपला आकडा चढतोय तो बाई शेताकडे वळल्याने.

मोजणीची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. घरच्या शेतात राबणारी बाई कोड २१, ती श्रमबळात. घर सांभाळून चुलीसाठी मोळी आणणारी, रानभाजी खुडणारी, गुरांना चारा कापणारी बाई कोड ९३, ती श्रमबळाबाहेर. तीच मोळी बाजारात विकली की बाई पुन्हा आत! कोड ९३ मधल्या बाईने वर्षात तीसेक दिवस शेतात काम केल्याचं सांगितलं, तरी ती कामकरी ठरते. सांगितलं तर. म्हणून हा आकडा खोटा आहे असं आम्ही म्हणणार नाही. न मोजण्यापेक्षा मोजलेलं बरंच. पण तो वाढला म्हणून बाईच्या हातात पैसा वाढला, असं कुणी भाषणात ठोकून दिलं तर टाळ्या जरा राखून वाजवाव्यात.

महाराष्ट्राने या बाबतीत एकदा वाट दाखवली होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला बाया मोठ्या संख्येने उतरल्या आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्या कामाला हक्काचं रूप दिलं. मजुरी कामाच्या मापावर, बाई-पुरुष भेद नाही, हजेरीपटावर बाईचं स्वतंत्र नाव. उलट मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारं जोडपं आजही मिळून एक कोयता धरलं जातं आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. किनवटच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक कायदा लागू आहे: २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहिताचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघायला हवा. सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवा, असं शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत सांगितलं, त्याला तीन दशकं उलटून गेली. आपल्या घरचा उतारा काढून पाहायला दिवाळीची सुट्टी पुरेशी आहे.

या अंकातले लेख बाईच्या कामाभोवतीच फिरतात. फराळासोबत ते वाचालच. एक विनंती मात्र इथेच करून ठेवतो. फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची माणसं दारोदार फिरतील. घरच्या शेतातलं बिनमजुरीचं काम हेही कामच, हे १९९१ पासून जनगणनेच्या प्रश्नातच घातलेलं आहे. तरी ओसरीवरून कारभारी सांगून टाकतो, ‘बाई घरीच असते.’ आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत आणि ही ड्यूटी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना लागेल. गुरुजी, बाई, तुम्ही घरातल्या बाईलाच बाहेर बोलवा आणि हंगाम धरून विचारा: पेरणीला कोण होतं, निंदणीला कोण, वेचणीला कोण.