बुडबुड्यानं पाडलं भोक!

पुण्याहून कोल्हापूरला येताना पंचगंगेचा पूल लागण्याआधी शिरोली एमआयडीसी येते. इथं फाउंड्र्याच फाउंड्र्या! लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं आणि गाड्यांचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग बनवायचे, हा इथला मोठा उद्योग. इंजिनाचं हेड कधी जवळून पाहिलंत? वरून अगदी भरीव ठोकळा वाटतो. पण त्याच्या पोटात वाकडेतिकडे बोगदे असतात. एवढे वाकडे बोगदे ड्रिलनं कसे पाडणार? त्यासाठी बोगद्याच्या आकाराचा वाळूचा कोर करतात, तो साच्यात ठेवतात आणि त्याच्याभोवती लोखंड ओततात. ओतीव गार झालं की वाळू झटकून काढायची. उरते ती पोकळी.

ही पोकळी असते पाणी खेळवायला. डिझेल जळतं तेव्हा सिलिंडरच्या आत क्षणभर २००० अंश सेल्सियसच्या आसपास तापमान जातं. आणि ओतीव लोखंड वितळतं साधारण १२०० अंशांना! तरी इंजिनाचा लगदा होत नाही, कारण हा भडका क्षणभराचा असतो आणि भोवतालचं पाणी उष्णता उचलून रेडिएटरकडे पळवत असतं.

मग तुम्ही म्हणाल, घाला की नळाचं पाणी! शेतावरच्या जुन्या ऑइल इंजिनाला विहिरीचंच पाणी चालायचं. खरंय. पण ते इंजिन चालायचं संथ, आणि पंपानं उपसलेलं पाणी त्यातून एकदा फिरून सरळ पाटात जायचं. ट्रकचं तसं नाही. तेच पाणी महिनोन् महिने गोल गोल फिरतं, तेही चांगलं तापून. बोअरच्या पाण्यानं घरच्या गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना, तसाच तो इंजिनातही चढतो. दीड मिलिमीटर थर दिसायला काहीच नाही, पण उष्णता अडवण्यात तो सात-आठ सेंटिमीटर जाड लोखंडाला भारी पडतो.

थरापेक्षा भयंकर गोष्ट मात्र पुढेच आहे. ट्रकच्या बऱ्याच मोठ्या इंजिनांत पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो, ते नळकांडं वेगळं बसवलेलं असतं. त्याला लायनर म्हणतात. त्याच्या बाहेरच्या अंगाला थेट पाणी लागलेलं असतं. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये डिझेल मिनिटाला १००० वेळा पेटतं. दर वेळी पिस्टन लायनरच्या भिंतीवर आदळतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. थरथरताना त्याची भिंत इतक्या चटकन आत सरते की मागचं पाणी तिच्यामागे पोचूच शकत नाही. तिथला दाब एकदम घटतो आणि पाण्याची वाफ होऊन बारीक बारीक बुडबुडे उठतात. पुढच्याच क्षणी भिंत परत येते, बुडबुडे फुटतात आणि पाण्याची सुईसारखी चिळकांडी लोखंडावर बसते.

एका चिळकांडीनं काय होणार? काही नाही. पण मिनिटाला हजार, तासाला साठ हजार! लोखंडावर खड्डे पडतात, खड्ड्यांची भोकं होतात. पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, ऑइलमध्ये मिसळतं. मेस्त्री डिपस्टिक बाहेर काढतात तेव्हा ऑइल दुधाळ दिसतं, कॉफीसारखं. मग अख्खं इंजिन उतरवायचं. ज्याच्या एका ट्रकवर घर चालतं, त्याचा धंदा तितके दिवस बंद.

यावर उपाय म्हणजे योग्य कूलंट. त्यात असतं पाणी, ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं. नायट्राइटसारखं रसायन लायनरवर एक पातळ, चिवट थर धरतं. बुडबुडा फुटून तो थर खरवडला गेला, की लगेच नवा धरतो. म्हणजे लोखंडाऐवजी हा थर मार खातो. असं करता करता रसायन संपत जातं, म्हणून कूलंट ठरलेल्या वेळी बदलावंच लागतं, दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी.

'कोल्हापुरात कुठं बर्फ पडतो, मग ग्लायकॉल कशाला?' असा प्रश्न हुशार वाचकाला पडेलच. एक म्हणजे त्यामुळे पाणी उशिरा उकळतं. दुसरं, ट्रकला उद्या काश्मीरचं भाडंही लागू शकतं! आणि एक नवल सांगतो. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमाराला गोठतं, पण निम्मं पाणी मिसळलं की थेट उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. शिवाय उष्णता वाहून न्यायला पाणीच जास्त तरबेज. तेव्हा 'जास्त घातलं की जास्त चांगलं' हे इथं चालत नाही. आणि मिसळायचं पाणी कुठलं? बॅटरीत घालतात तसलं, क्षार काढलेलं.

कूलंट हिरवं, लाल, निळं, गुलाबी कसलंही मिळतं. रंगावर जाऊ नका. रंग कंपनी आपल्या मनानं देते. एकाच रंगाच्या दोन डब्यांत वेगळी रसायनं असू शकतात आणि ती एकमेकांत मिसळली की दोन्हींची ताकद कमी होते. इंजिनाच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्यायचं. पिवळ्या डिझेल डब्यावरचा भाव बघून नव्हे! पातळी बघायची ती इंजिन गार असताना, टाकीवरच्या दोन खुणांच्या मधे. सारखी कमी होत असेल तर नुसतं भरत बसू नये, गळती शोधावी.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आतलं पाणी कुकरसारखं दाबाखाली असतं, म्हणून शंभराच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण सुटलं की दाब जातो, ते एकदम उकळतं आणि कारंजं तोंडावर येतं.

दुसरी त्याहून गंभीर. ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. किडन्या निकामी होतात. गॅरेजमध्ये उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय काही ठिकाणी दिसते. धाकट्या भावंडाला ते सरबतच वाटणार! कुत्री-मांजरंही सांडलेलं चाटतात. घरी अशी बाटली असेल तर बाबांना, मामांना आजच सांगा आणि कूलंट त्याच्या मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, उंचावर ठेवायला लावा. कुणाच्या पोटात गेलंच, तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा आणि तो डबाही सोबत न्यायचा, म्हणजे काय प्यायलंय ते डॉक्टरांना कळेल.