थांबायची सोय करा, माणसं थांबतील

मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघाला की गाडी एकाच प्रश्नावर येऊन अडते, पूर्ण कधी होणार? २०११ साली चौपदरीकरण सुरू झालं. तेव्हा पहिलीत गेलेली पोरं आता नोकऱ्या शोधतायत. त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण आज मला त्याच्या पुढचा प्रश्न विचारायचाय. समजा रस्ता झाला, गाड्या सुसाट निघाल्या. मग त्या कोकणात थांबणार कुठे? आणि कशासाठी?

गेल्या डिसेंबरात मी आणि नवरा आमची गाडी काढून नऊ दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडलो. पुण्याहून ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे वेश्वी. मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. दाभोळला पुन्हा बोट, गुहागर, हेदवी. तवसाळहून तिसरी बोट, जयगड. पुढे मालगुंड, गणपतीपुळे, रत्नागिरी, कशेळी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी, आणि आंबोली चढून घरी. घाई कसलीच नव्हती. जिथे बरं वाटलं तिथे उतरायचं, बघायचं, चहा घ्यायचा, काही आवडलं तर विकत घ्यायचं.

प्रवासवर्णन लिहीत नाहीये, काळजी नको. हिशेब मांडतेय. नवऱ्याला खर्च लिहून ठेवायची सवय आहे, म्हणून आकडे हाताशी आहेत. नऊ दिवसांत एकूण ५९,००० रुपये गेले. राहण्याचे २०,०००. आठ रात्री, बहुतेक घरगुती मुक्काम. जेवणखाण १२,६००. खरेदी १६,०००. फेरीबोट, किल्ल्याची होडी, तिकिटं, पावत्या मिळून १,०००. उरलेले ९,४०० पेट्रोल आणि टोल. म्हणजे पेट्रोल-टोल सोडला तर जवळपास पन्नास हजार रुपये कोकणातल्या माणसांच्या हातात गेले. कुणा वहिनींच्या खानावळीत, कुणा काकांच्या नारळी-पोफळीतल्या दोन खोल्यांत, कोकम-आगळ विकणाऱ्या बचत गटात, सावंतवाडीच्या खेळण्यांच्या दुकानात.

आता हेच जोडपं नव्या रस्त्याने सकाळी पनवेलहून निघून संध्याकाळी गोव्यात पोचलं असतं, तर कोकणाला काय मिळालं असतं? एक जेवण, दोन चहा आणि टोल. बस.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कोकणाला पैसा देतो तो थांबणारा प्रवासी. आणि आपलं सगळं नियोजन चाललंय ते न थांबता जाणाऱ्या प्रवाशासाठी.

गैरसमज नको. रस्ते, पूल हवेतच. रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं स्वप्न अंतुल्यांच्या काळापासूनचं आहे आणि खाड्यांवरचे पूल व्हायलाच हवेत. आम्हाला फेरीबोटीची मजा वाटली, कारण आम्ही हौसेने आलो होतो. तिथल्या माणसासाठी ती मजा नाही. रात्री बोट बंद झाल्यावर कुणाच्या छातीत कळ आली, कुणी बाळंतपणाला अडली, तर खाडीला वळसा घालून किती तास जातात हे त्या गावांना विचारा. मासळीचं, कॉलेजच्या पोरांचंही तेच. ‘आमच्या सुट्टीसाठी तुमचं गाव जुनंच राहू द्या’ असं म्हणणारे शहरी लोक मला आवडत नाहीत.

पण पूल बांधताना गावात उतरणारा जुना रस्ता मरू देऊ नका, इतकं तरी मागता येईल की नाही? मोठा रस्ता गावाबाहेरून जातो, गावातल्या रस्त्याला कुणी वाली राहत नाही, दोन पावसाळ्यांत त्याची चाळण होते. मग गाडीवाला तिकडे वळतच नाही. गाव नकाशावर असतं, रस्त्यावर नसतं.

आता थांबण्याच्या सोयीकडे येते. सगळ्यात पहिली सोय कोणती, हे बायकांना विचारायची गरज नाही. संडास. आडवळणाने ‘प्रसाधनगृह’ म्हणा, नाहीतर सरळ म्हणा, मिळत नाही ते नाहीच. नऊ दिवसांत मी पाणी मोजून प्यायले. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या सगळ्या बायका प्रवासात हेच करतात, आणि घरी येऊन लघवीच्या जळजळीवर औषधं घेतात. एका पेट्रोल पंपावर कुलूप होतं, चावी मालकाकडे आणि मालक जेवायला घरी. एका प्रसिद्ध किनाऱ्यावर पंचायतीने गाडीमागे स्वच्छता कराची पावती फाडली. पैसे आनंदाने दिले आणि विचारलं, बायकांची सोय कुठेय? पावती फाडणारा मुलगा बिचारा ओशाळला. म्हणाला, बांधलंय ताई, पण पाणी नाही. एका किल्ल्याच्या दाराशी नवंकोरं बांधकाम दिसलं, कोनशिलेसकट. कोनशिला स्वच्छ होती.

याउलट एका छोट्या गावात रस्त्याच्या कडेला बचत गटाची टपरी होती. चहा, घावन, उकड्या तांदळाची पेज. मागे दोन संडास, आतून कडी, बादलीत पाणी, साबण. दहा रुपये. आम्ही संडाससाठी थांबलो आणि नाश्ता केला. निघताना कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी असं सातशे रुपयांचं सामान घेतलं. दहा रुपयांच्या सोयीने त्या गटाला जवळपास हजाराचा धंदा दिला. अर्थशास्त्र शिकायला विद्यापीठात जायची गरज आहे का? किनाऱ्यावर दर पंचवीस-तीस किलोमीटरवर अशी एक जागा, चालवायला स्थानिक बायका, पाण्याची जोडणी पंचायतीची, देखभालीचे पैसे त्याच स्वच्छता करातून. एवढंच. काचेच्या पुलाला आणि लेझर शोला जेवढे लागतात त्याच्या तुलनेत हे पैसे म्हणजे काहीच नाहीत. पण यात फीत कापायला मजा येत नाही, हीच अडचण असावी.

दुसरी सोय, पाटी. हसू नका. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे तीन आमच्या वाटेवर होते. सगळ्यांनी अभिनंदनाचे फोटो टाकले, मीही टाकला. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचं शिल्प बघा एकदा. जांभ्याच्या सड्यावर कोरलेला भला थोरला हत्ती, आणि त्याच्या अंगात कोरलेले इतर प्राणी. हजारो वर्षांपूर्वी कुणी माणूस त्या उन्हात बसून हे करत होता. अंगावर काटा येतो. स्थानिक अभ्यासकांनी पदरमोड करून, सडे पालथे घालून ही शिल्पं उजेडात आणली. पण अशा ठिकाणी पोचायचं तर मोबाईलच्या रेंजवर आणि गुरं राखणाऱ्या मामांवर भिस्त. पोचल्यावर हे काय आहे, किती जुनं असावं, त्यावर पाय का ठेवू नये, हे सांगणारी चार ओळींची मराठी पाटी आणि गावातला एक प्रशिक्षित पोरगा एवढं असलं, तर तिथे अर्धा तास थांबणारा माणूस दोन तास थांबेल. आणि दोन तास थांबलेला माणूस त्याच गावात जेवेल.

तिसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची, खरेदी. आपल्याकडे ‘बायकांची खरेदी’ म्हणून टिंगल होते. आमच्या १६,००० पैकी निम्मी नवऱ्याची होती, तो भाग सोडा. पण ही खरेदी म्हणजे कुणाचा तरी धंदा आहे, आणि ग्राहकाला तिथे खरं-खोटं कळायला मार्ग नाही.

काजूचं घ्या. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, आपण ज्याला जीआय म्हणतो ते. हापूसला आहे, कोकमाला आहे. आणि आपल्या देशात आफ्रिकेतून कच्चा काजू मोठ्या प्रमाणावर येतो आणि इथे फोडला जातो, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्यात बेकायदा काही नाही. पण रस्त्याकडेच्या दुकानात ‘अस्सल कोकणी काजू’ या पाटीखाली नेमकं काय आहे, हे मी कसं ओळखू? एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘खाऊन बघा ना मॅडम.’ खाऊन मला चव कळते, गाव कळत नाही.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचं तेच. चितारआळीत पिढ्यान् पिढ्या हे काम चालतं. लाकडी फळं, भाज्या, पोळपाट-लाटणं, भातुकली. आणि त्याच शहरातल्या राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफाचा जोड १२० पानांचा, हाताने रंगवलेला. ही कला संपायला आली होती, ती राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुन्हा उभी केली. तिथे कारागीर समोर बसून रंगवताना दिसतो, म्हणून किंमत जास्त वाटली नाही. पण बाजारात इतरत्र लाकडी खेळण्यांशेजारीच बाहेरून आलेला माल एकाच फळीवर, एकाच नावाने मांडलेला दिसतो. स्वस्त तो खपतो. कारागिराचा पोरगा मग वडिलांचं काम का शिकेल?

जीआय मिळाल्याची बातमी पेपरात येते आणि आपण मान ताठ करतो. पण तो शिक्का वापरायला प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. घरात चार माणसांनी चालवलेल्या धंद्याला हे कागद कोण भरून देणार? जिल्हा उद्योग केंद्राने तालुक्याच्या गावी महिन्यातून एक दिवस टेबल टाकावं आणि तिथेच अर्ज भरून घ्यावेत. दुकानात मानांकित मालाची फळी वेगळी असावी. बाकीचा माल खुशाल विका, पण त्याच नावाने नको. मी वीस टक्के जास्त द्यायला तयार आहे, फक्त ते कुणाला जातायत हे मला कळू दे.

आता आपल्याबद्दल. सगळं सरकारवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. पुळणीवर गाडी घालून रुतवणारे, मग गावच्या पोरांना दोर घेऊन बोलावणारे आपलेच लोक असतात. ज्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री स्पीकर लावणारेही आपलेच. वेळासच्या गावकऱ्यांनी २००२ पासून कासवांची घरटी जपली, त्यावर गावातल्या घरांना मुक्कामी पाहुणे मिळाले, सगळा महाराष्ट्र तिथे पिल्लं बघायला जातो. हे यश कुठल्याही मंत्रालयातून आलेलं नाही. अशा गावात जाऊन बाटल्या टाकून यायचं आणि घरी येऊन ‘कोकणात सोयी नाहीत’ म्हणायचं, हे बरोबर नाही. आणि घरगुती जेवण देणाऱ्या बाईशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करायची, मग हायवेच्या मॉलमध्ये अडीचशेची कॉफी निमूट प्यायची, हेही नाही.

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला. इतक्या वर्षांनी त्या जिल्ह्यात आणि शेजारच्या रत्नागिरी-रायगडात फिरणाऱ्या बाईला पाणी मोजून प्यावं लागत असेल, तर आपण पर्यटन म्हणजे काय समजतो ते एकदा तपासायला हवं. मोठे प्रकल्प होतील तेव्हा होतील. त्याआधी पाणी असलेला संडास, खरी पाटी, खरं लेबल आणि जुन्या रस्त्यावरचे खड्डे बुजवणं, या चार गोष्टींना ना दहा वर्षं लागतात ना परदेशी कर्ज.

या पंचायतींच्या, जिल्हा परिषदांच्या निवडणुका येतात-जातात. तुमचं मूळ गाव किनाऱ्यावर असेल, तुमचं मत तिथे असेल, तर मत मागायला आलेल्याला या चार गोष्टी विचारा. आणि पुढच्या वेळी गाडी काढाल तेव्हा एक दिवस जास्त ठेवा, वाकडी वाट करून गावात उतरा, तिथेच जेवा, तिथूनच घ्या. तुमच्या माहितीत रस्त्याकडेची अशी एखादी स्वच्छ, बायकांनी चालवलेली जागा असेल तर गावाचं नाव खाली नक्की लिहा. आपल्यापुरती यादी आपणच करू, सरकारची होईपर्यंत.